दुःख लिहून काढण्याविषयी

आपल्या गावांतून वह्यांची वाण नाही. दूध घालणाऱ्याच्या घरी डेअरीचे पुस्तक आहे, बचत गटाच्या बायांपाशी हप्त्यांची वही आहे, दुकानदारापाशी उधारीची वही आहे, आणि कोणत्या वस्तीस गेलो व किती माणसे भेटली हे टिपण्याची रोजनिशी उपदेशकांपाशी आहे. मनुष्याने काय केले व तो काय देणे लागतो हे ह्या सर्व वह्यांत सापडते; त्यास काय वाटले हे मात्र कोठेच सापडत नाही. प्रस्तुत पाठात ज्या वहीचा विचार करावयाचा आहे ती ह्यांहून निराळी आहे. मनुष्याने केवळ स्वतःकरिता, स्वतःच्या दुःखाविषयी, कोणासही न दाखविता लिहावयाची अशी ती वही होय.

कोणी म्हणेल, असली थेरे शहरच्या लोकांस शोभतात. आमचे मत उलट आहे. शहरात ऐकावयास माणूस मिळत नाही, पण खेड्यात माणसे असूनही सांगण्याची सोय नसते. संध्याकाळी ओट्यावर बोललेली गोष्ट सकाळी पाणवठ्यावर पोहोचलेली असते. ज्याचे पीक गेले व कर्ज राहिले तो सोसायटीचे आकडे चारचौघांत बोलेल, परंतु रात्री झोप येत नाही हे बोलणार नाही. पुरुषांनी रडावयाचे नाही ही तर जुनीच रीत आहे. ज्या घरी मूल गेले त्या घरी तेराव्या दिवसानंतर त्या मुलाचे नाव काढणे अशुभ समजतात, आणि आईने ते नाव मनातल्या मनात किती वेळा घेतले हे कोणी विचारीत नाही. आणि उपदेशक व पाळक? ते सर्वांचे ऐकतात. त्यांचे कोण ऐकतो?

आपल्या आज्या-पणज्यांस अक्षरओळख नव्हती, तथापि त्यांस एक साधन होते, ते म्हणजे जाते. पहाटे घर निजलेले असता बाई दळावयास बसे व जात्याच्या घरघरीत आपले मन मोकळे करी. सासुरवास, नवऱ्याचा मार, माहेरची ओढ, मेलेली आई, न परतलेला भाऊ, हे सर्व ओवीत येई. गी पॉइतवाँ व हेमा राईरकर ह्यांनी १९८० नंतरच्या वर्षांत महाराष्ट्राच्या खेडोपाडी अशा सुमारे १ लाख ओव्या गोळा करविल्या. त्या पाहिल्या म्हणजे सुनेला सासूपुढे जे बोलता येत नव्हते ते दगडापुढे किती स्पष्टपणे बोलता येत होते हे कळते. पुढे पिठाची गिरणी आली. तिने बायांचे श्रम वाचविले हे उत्तमच झाले. परंतु जाते कोपऱ्यात गेले त्याबरोबर ती पहाटेची एकांताची घटकाही गेली, व तिच्या जागी दुसरे काही आले नाही.

आता, मनातले असे बाहेर काढण्याने खरोखर काही गुण येतो की तेवढ्यापुरते बरे वाटते, ह्याची रीतसर परीक्षा अमेरिकेत झाली. टेक्सस संस्थानातील डॅलस शहरी सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात जेम्स पेनेबेकर हे मानसशास्त्राचे अध्यापक होते. त्यांनी एका सहाय्यिकेच्या मदतीने ४६ विद्यार्थ्यांस लागोपाठ ४ दिवस, रोज १५ मिनिटे, एकांतात लिहावयास बसविले. काही विद्यार्थ्यांस पायातील बूट, राहण्याची खोली असले साधे विषय दिले. बाकीच्यांस आयुष्यात बसलेल्या मोठ्या आघाताविषयी लिहावयास सांगितले. त्यांतही काहींनी केवळ घडलेली हकीकत लिहावयाची, काहींनी केवळ मनात काय आले ते लिहावयाचे, आणि काहींनी दोन्ही लिहावयाचे असे ठरविले. ह्याचा वृत्तांत १९८६ साली प्रसिद्ध झाला. पुढील ६ महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कोण किती वेळा गेले हे मोजले, तेव्हा ज्यांनी हकीकत व भावना दोन्ही लिहिल्या ते सर्वांत कमी वेळा गेले असे आढळले. नुसती हकीकत लिहिणाऱ्यांस असा लाभ झाला नाही.

ह्या प्रयोगातील आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. आघाताविषयी लिहून उठल्याबरोबर ते विद्यार्थी आनंदी झाले नव्हते. उलट त्यांचे मन अधिक खिन्न झाले होते व त्यांचा रक्तदाबही वाढला होता. गळू फोडल्यावर पहिल्या दिवशी ठणका वाढतो, तसेच हे समजावे. म्हणून पहिल्या रात्री लिहून रडू आले, तर 'हे आपल्यास मानवत नाही' असे म्हणून वही लगेच टाकून देऊ नये.

ह्यानंतर पुष्कळ ठिकाणी असे प्रयोग झाले. १९९९ साली दमा व संधिवात असणाऱ्या रोग्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. ४ महिन्यांनी तपासले तेव्हा दुःख लिहिणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्के लोकांच्या प्रकृतीत चांगली सुधारणा दिसली, व साध्या विषयांवर लिहिणाऱ्यांपैकी सुमारे २४ टक्के लोकांच्या. त्यापूर्वी, १९९४ साली, नोकरीवरून काढलेल्या काही सुशिक्षित मनुष्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला होता. ज्यांनी आपला अपमान व संताप ५ दिवस लिहून काढला त्यांस नवी नोकरी इतरांपेक्षा लवकर मिळाली, जरी त्यांनी इतरांहून अधिक खेपा घातल्या नव्हत्या. पोटातला राग कमी झाल्यामुळे नव्या धन्यापुढे ते नीट बोलू शकले असावेत, असा तर्क आहे. परंतु खरे ते सर्व सांगितले पाहिजे. २००६ साली अशा १४६ प्रयोगांचा एकत्र हिशेब केला, तेव्हा लाभ होतो हे ठरले, पण तो सरासरीने लहान आहे असेही ठरले. वही हे रामबाण औषध म्हणून कोणी सांगू लागला तर त्यावर विश्वास ठेवू नये. तथापि जे साधन शंभर पानी वहीच्या किमतीत मिळते व ज्यास कोणाची परवानगी लागत नाही, त्याचा लहान लाभही गरिबाने का सोडावा?

लाभ कशामुळे होतो हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण लिहावे कसे हे त्यावरून ठरते. सर्वसाधारण समजूत अशी की भांड्यात वाफ कोंडते, झाकण उघडले की ती निघून जाते. एवढेच असते तर नुसत्या भावना ओतणाऱ्यांसही दोन्ही लिहिणाऱ्यांइतकाच लाभ झाला असता. पेनेबेकर ह्यांनी पुढे लोकांच्या लेखांतील शब्दच मोजून पाहिले. ज्यांच्या लिहिण्यात पहिल्या दिवसापेक्षा शेवटच्या दिवशी 'कारण', 'म्हणून', 'आता कळते' अशा अर्थाचे शब्द वाढत गेले, त्यांची प्रकृती अधिक सुधारली. जे पहिल्या दिवशी जे म्हणाले तेच चौथ्या दिवशी म्हणाले, त्यांस फारसा फायदा झाला नाही. म्हणजे नुसते ओकून टाकण्यात गुण नाही. जे विस्कटून पडले आहे ते जुळवून पाहण्यात गुण आहे.

हे एका उदाहरणाने पाहू. पुढील गोष्ट कोणा एकाची नव्हे, समजण्यापुरती रचली आहे. दोघे भाऊ आहेत, वाटणी झाली आहे, व दोघांच्या शेतांमध्ये एक बांध आहे. धाकटा लिहावयास बसतो. पहिल्या रात्री तो लिहितो: 'दादाने माझा बांध कोरला. पाच वर्षे मी गप्प बसलो. आता मेलो तरी त्याच्या दारात जाणार नाही.' दुसऱ्या रात्री तेच लिहितो, फक्त शिव्या वाढल्या आहेत. तिसऱ्या रात्री हात जरा थांबतो, आणि मग: 'त्या बांधावर बोर होती. बापू तिच्या सावलीस भाकरी खायचा. मी लहान असताना मला पण तिथेच बसवायचा.' चौथ्या रात्री तो असे लिहितो: 'बांध गेला दीड हात. दीड हाताने माझे पोट मरत नाही. बापूला दवाखान्यात नेले तेव्हा मला निरोप आला नाही, म्हणून शेवटचे तोंड मला दिसले नाही. माझा राग त्याचा आहे. दादाला वाटले असेल की मी यायचा नाही, कारण त्याच्या पोरीच्या लग्नाला मी गेलो नव्हतो.'

बांध होता तेथेच आहे. दादाने क्षमा मागितलेली नाही. मोजणी मागावयाची असेल तर धाकट्याने ती अवश्य मागावी. तो त्याचा हक्क आहे. परंतु चार रात्रींपूर्वी ज्यास बांधाचे दुखणे समजत होता ते बापाच्या मरणाचे दुखणे आहे हे त्यास आता ठाऊक झाले, आणि मोजणी करणाऱ्याच्या साखळीने ते मोजता येणार नाही हेही. असे कोणी दुसऱ्याने त्यास सांगितले असते तर तो अंगावर धावून गेला असता.

आता एका प्रसिद्ध मनुष्याचे उदाहरण घेऊ. सी. एस. लुइस हे केंब्रिज येथे अध्यापक होते व ऑक्सफर्ड येथे राहत. देव दुःख का येऊ देतो ह्या विषयावर त्यांनी १९४० साली 'द प्रॉब्लेम ऑफ पेन' हा ग्रंथ लिहिला होता, व पुष्कळांनी तो वाचून समाधान मानले होते. पुढे त्यांनी उतारवयात लग्न केले. त्यांची पत्नी जॉय ही १३ जुलै १९६० रोजी कर्करोगाने मरण पावली. तेव्हा स्वतःच्याच ग्रंथाचा त्यांस फारसा उपयोग झाला नाही. घरात पडलेल्या रिकाम्या वह्या घेऊन ते लिहू लागले. देव ऐकत नाही, तो क्रूर तर नव्हे, अशा शंका त्यांनी प्रारंभी न लपविता लिहिल्या. परिचित लोक आपणांस टाळतात, काय बोलावे हे त्यांस सुचत नाही, हेही लिहिले. काही काळाने त्यांनी नोंदले की दुःखाचा जोर एके सकाळी थोडा ओसरला, आणि नेमकी त्याच वेळी पत्नीची आठवण अधिक स्पष्ट झाली. ज्यांस थोडे बरे वाटू लागताच आपण गेलेल्या माणसाशी बेइमान झालो असे वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आणखी एक निश्चय त्यांनी केला तो आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. घरात सापडलेली चौथी वही ही शेवटची. ती भरली की थांबावयाचे, ह्या कामासाठी नवी वही विकत आणावयाची नाही. १९६१ साली हे लेखन टोपणनावाने छापले गेले, व लुइस ह्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या नावाने निघाले.

आपल्या लोकांत पुष्कळांस भीती वाटते की, असली तक्रार कागदावर लिहिणे हा अविश्वास होय. त्यांनी स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. १५० स्तोत्रांपैकी सुमारे तिसरा हिस्सा विलापाचा आहे, आणि ८८ वे स्तोत्र तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. ज्यांनी ती स्तोत्रे संग्रहात घेतली त्यांनी ती तक्रार गाळली नाही.

लिहावयाचे कोणास उद्देशून? ॲन फ्रँक ह्या यहुदी मुलीस १२ जून १९४२ रोजी तेराव्या वाढदिवशी एक वही मिळाली. पुढच्याच महिन्यात तिच्या कुटुंबास नात्सी लोकांच्या भयाने ॲमस्टरडॅम शहरातील एका इमारतीच्या मागील भागात लपावे लागले. तेथे ८ माणसे दोन वर्षांहून अधिक काळ कोंडलेली होती. ॲनने 'किटी' नावाची एक मैत्रीण कल्पिली व तिला पत्रे लिहावी तशी रोजनिशी लिहिली. मार्च १९४४ मध्ये रेडिओवर एका डच मंत्र्याने युद्धकाळातील रोजनिशा जपून ठेवा असे सांगितले, तेव्हा ती आपले जुने लेखन पुस्तकाच्या दृष्टीने पुन्हा लिहून काढू लागली. काही भाग गाळले, काही सुधारले. दोन्ही प्रती अंशतः शिल्लक आहेत. ४ ऑगस्ट १९४४ रोजी ती सर्व माणसे पकडली गेली, व १९४५ च्या आरंभी बर्गन-बेल्झन येथील छावणीत ॲन मरण पावली. जगास ठाऊक असलेले तिचे पुस्तक थोर आहे ह्यात संशय नाही. परंतु आपल्या कामापुरते एवढे पाहावे की, दुसरा वाचणार हे कळताच मनुष्याची लेखणी बदलते. म्हणून आपली वही कोणी वाचणार नाही असे आधीच ठरवावे. किटीसारखे एखादे नाव धरणे चांगले. मेलेल्या आईस, दूर गेलेल्या मित्रास, किंवा देवास उद्देशूनही लिहिता येईल.

भाषेची चिंता करू नये. लक्ष्मीबाई टिळक ह्यांचे शिक्षण शाळेत झाले नव्हते. तरी त्यांची १९३४ साली निघू लागलेली 'स्मृतिचित्रे' मराठीतील उत्तम गद्यांत गणली जातात, व त्यांतील भाषा घरात बोलावी तशी आहे. आपणांस तर छापावयाचेही नाही. अहिराणी, वऱ्हाडी, कोकणी, कोरकू, जी भाषा रडताना तोंडी येते तीत लिहावे. ऱ्हस्वदीर्घ पाहू नये, खोडू नये. वेळ २० मिनिटे पुरे. घरची माणसे निजल्यावर, किंवा शेतावर राखणीस गेले असता लिहावे. लागोपाठ ३ किंवा ४ दिवस एकाच दुःखाविषयी लिहून थांबावे. महिनोन् महिने तेच ते उगाळीत बसणे हे रवंथ करण्यासारखे आहे, त्याने मन खंगते. कालचे वाचून पाहिल्यास आज काही नवे सुचते काय हे पाहावे. एखादे दिवशी मुद्दाम दुसऱ्या बाजूने लिहून पाहावे: दादा हीच हकीकत कशी सांगेल?

वही कोणाच्या हाती पडण्याचे भय असेल तर सुट्या कागदावर लिहावे व लिहून झाल्यावर चुलीत घालावे. लाभ लिहिण्यात आहे, राखण्यात नाही. ज्या सुनेच्या पेटीस कुलूप नाही तिला हाच मार्ग बरा.

ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी काय करावे? काही प्रयोगांत लोकांस एकांतात यंत्रापुढे बोलावयास सांगितले होते, व त्यांसही लाभ दिसला. आता घरोघर मोबाईल आहे. त्यात आपला आवाज भरावा व मग पुसून टाकावा. तेही नको असेल तर विहिरीवर मोट नसली तरी शेत आहे, तेथे मोठ्याने बोलावे. आमच्या आज्यांनी दगडाशी बोलून दिवस काढले.

काही ठिकाणी मात्र वही देऊ नये. आघात अगदी ताजा असता, प्रेत घरात असता किंवा नुकतीच आग, पूर, अपघात झाला असता, कोणास लिहावयास बसवू नये. आधी त्यास भाकरी, झोप व माणसे हवी असतात. लिहिताना मन आवरेनासे झाले, तर विषय सोडावा व वही मिटावी. जी बाई मारहाण सोसते तिला 'मनातले लिहून काढ' म्हणून वाटेस लावणे हा अन्याय आहे. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, १८१ हा दूरध्वनी आहे, व तिला त्या दारापर्यंत सोबत करणे हे मंडळीचे काम आहे. आणि जो मनुष्य जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलतो, निरवानिरव करू लागतो, फवारणीचे औषध जवळ बाळगतो, त्याच्यापुढे वहीचे नावही काढू नये. ते औषध घरातून हलवावे, त्यास एकटे सोडू नये, तालुक्याच्या वैद्याकडे न्यावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' नावाची सोय केली आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्री-बेरात्री विनामूल्य बोलता येते, व मराठीतही बोलता येते. हा क्रमांक उपदेशकांनी आपल्या रोजनिशीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

उपदेशकांस आणखी एक सांगणे आहे. तुम्ही एखाद्यास लिहिण्याचा मार्ग दाखविला, तर 'लिहिले काय?' एवढेही पुढे विचारू नये, व 'काय लिहिले?' हे तर मुळीच विचारू नये. शब्बाथ शाळेचा पाठ तपासावा तशी ही वही तपासावयाची नसते. कोणी होऊन वाचावयास दिली तर त्याच्यासमोर बसून वाचावी, तेथल्या तेथे परत करावी, आणि तीतील एक अक्षरही प्रार्थनेच्या निमित्ताने सुद्धा चारचौघांत उच्चारू नये.